ह्यांच्या लॅपटॉपसाठी हलकी सिस्टिम

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्याही कॉम्प्युटरला शिंक आली की फोन मला येतो. सिडकोतल्या एका क्लासमध्ये मी टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवते, एवढाच माझा गुन्हा. येवल्याच्या मावसबहिणीचा प्रिंटर, नांदगावच्या चुलतसासऱ्यांचा विसरलेला पासवर्ड, कळवणच्या भाच्याचा पाण्यात पडलेला मोबाइल, सगळ्यांचं औषध माझ्याकडे. फी म्हणजे 'एकदा जेवायला या ना'. अजून एकाही घरी जेवायला गेलेले नाही.

त्यात डिसेंबरमध्ये घरचाच रुग्ण आला. ह्यांचा लॅपटॉप.

हे म्हणजे माझे यजमान, ललित. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला डिझायनर होते. लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडायचं तर तो तुकडा हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवणारी एक चौकट लागते, तिला फिक्श्चर म्हणतात. तशी फिक्श्चर काढण्यात ह्यांची उमर गेली. दोन वर्षांपूर्वी मालकाने टूलरूम दुसऱ्या राज्यात हलवली. मशिनं नेली, माणसं इथेच ठेवली. तेव्हापासून हे घरी आहेत. आधी अर्ज केले, मग ओळखीच्यांना फोन केले, मग दोन्ही थांबलं. आता सकाळी पेपर अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, भाजी आणतात, पाण्याची मोटर लावतात. कुणी विचारलं तर सांगतात, सध्या थोडा ब्रेक घेतलाय.

हिरामण हा त्याच टूलरूमचा. मूळचा पेठकडचा, मशीनवर काम करायचा, ह्यांच्या हाताखाली. टूलरूम गेल्यावर तो रडत बसला नाही, भाड्याच्या शेडमध्ये दोन जुनी मशिनं टाकून त्याने स्वतःचं सुरू केलं. डिसेंबरमध्ये तो पेढे घेऊन घरी आला. ड्रॉइंग काढणारा धड माणूस मिळत नाही, साहेब, तुम्हीच काढा, म्हणाला. एका ड्रिलिंग फिक्श्चरचं हाताने काढलेलं चित्र त्याने ह्यांच्या मोबाइलवर पाठवलं. हे चांगलं झालं तर पुढचं सगळं तुमच्याकडंच, असंही सांगून गेला.

त्या रात्री ह्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. म्हणाले, लॅपटॉप जरा ठीक झाला की बसतोच.

मला लॅपटॉपशी काही देणंघेणं नव्हतं. मला हा माणूस पुन्हा कामाला बसलेला बघायचा होता. पण तो लॅपटॉपच्या वाटेनेच बसणार असेल, तर लॅपटॉप तर लॅपटॉप.

लॅपटॉप आमच्या सृष्टीच्या शाळेच्या दिवसांतला. सृष्टी आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि घरातला बरा लॅपटॉप तिच्याकडे आहे. ह्या जुन्यावर विंडोज उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. शिवाय त्या विंडोजची दुरुस्ती पाठवणं कंपनीने थांबवलं होतं, आणि नवी विंडोज ह्या म्हाताऱ्याला पेलणारी नव्हती. म्हाताऱ्या माणसाला तिसरा मजला देऊ नये, तळमजल्यावरची खोली द्यावी. तशा जुन्या यंत्रांसाठी हलक्या सिस्टिम मिळतात, लिनक्सच्या घराण्यातल्या, फुकट. पेनड्राइव्हवर उतरवायची, त्यावरूनच चालवून बघायची, पटली तर आत बसवायची. आतलं काही आधी पुसावं लागत नाही. स्थळ बघण्यासारखंच, बघायला काही लागत नाही.

पण स्थळं किती असावीत? इंटरनेटवर बघायला गेले तर शंभर सिस्टिम आणि प्रत्येकीचे भक्त. एक म्हणतो हीच सर्वांत हलकी, दुसरा म्हणतो ती कसली हलकी. क्लासमध्ये दिवसभर पोरांचं 'मॅडम, माझं हँग झालं' ऐकायचं, कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांतून रोज नव्या वळणाने स्कूटी घरी आणायची आणि मग जेवणं झाल्यावर हे वाचत बसायचं. मला डोळे मिटून कुठल्याही एका नावावर बोट ठेवावंसं वाटायचं.

पहिल्यांदा लुबुंटू नावाची घातली. झटकन उघडली. मी खूश. हे शेजारी खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, अक्षरं फार बारीक आहेत. अक्षरं मोठी केली. मग म्हणाले, घड्याळ चुकीच्या कोपऱ्यात आहे. घड्याळ हलवलं. तोपर्यंत अर्धा तास झाला होता, लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजला. हे म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्यांदा एमएक्स. तीही छान उघडली, तीही अर्ध्या तासाने तापून थिजली. ह्यांना तिचा रंग उदास वाटला. तिसरी तर सगळ्यांत लहान, पपी नावाची. नाव ऐकूनच ह्यांनी हात जोडले. आता काय कुत्र्याच्या पिल्लावर फिक्श्चर काढू, म्हणाले. मी म्हटलं, पिल्लू निदान जागचं उठतं तरी. बोलून गेले आणि ह्यांचं तोंड उतरलं.

पिल्लूही तापलंच. मधल्या काळात येवल्याच्या बहिणीच्या प्रिंटरने पुन्हा मान टाकली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. मी तिला फोनवर सांगितलं की प्रिंटर बंद कर आणि आठवडाभर चालूच करू नकोस. असा सल्ला मी आयुष्यात पहिल्यांदा दिला आणि तो मला फार आवडला.

हिरामणचे फोन येत होते. हे गॅलरीत जाऊन बोलायचे आणि आत येऊन सांगायचे, त्याला म्हटलं, छाया बघतेय, सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे. सिस्टिमचा प्रॉब्लेम म्हणताना ह्यांचा आवाज अगदी टूलरूममधल्यासारखा भारदस्त व्हायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

जानेवारीच्या एका रविवारी मी सरळ स्क्रूड्रायव्हर घेतला. तिन्ही सिस्टिम तापतात तर दोष सिस्टिमचा नाही, हे मी वर्गात पोरांना फळ्यावर लिहून देते, आणि घरी मला ते कळायला तिसरी सिस्टिम लागली. गॅलरीत उन्हात जुना पेपर पसरला, लॅपटॉप पालथा केला, पाठचं झाकण काढलं. बघते तर पंखा लाल. लाल आणि पिवळा. पात्यांवर कुंकवाचा थर, जाळीत हळदीचा गठ्ठा, कडेला झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचे धागे आणि मधोमध, देवळात सापडावेत तसे, तीन-चार तांदूळ.

मी आधी हसले. नंतर मात्र डोकं सणकलं. महिनाभर मी कुठल्या सिस्टिममध्ये काय आहे ते वाचत होते आणि आत ही अख्खी पूजा मांडलेली.

ह्यांना बाहेर बोलावलं. ते दारात उभे राहिले, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, दसऱ्याचं असेल. म्हटलं, पूजा मीही करते शिलाई मशीनची, पण वरून एक बोट लावते, आत कसं जाईल एवढं? तर म्हणाले, मी चालू ठेवून केली. मशीन बंद असताना पूजा केली तर वर्षभर बंद राहतं, असं टूलरूममध्ये म्हणायचे. तिथे आम्ही सगळी मशिनं चालू करूनच कुंकू वाहायचो.

लेथ मशीनच्या लोखंडाला चिमूटभर कुंकवाने काय होणार? इथे पंख्याने सगळं आत ओढून घेतलं होतं. मी बोलणार होते, पण मला मागचे दसरे आठवले. नोकरी होती तेव्हा हे घरच्या लॅपटॉपला जाता जाता कुंकवाचं बोट लावायचे आणि कंपनीतल्या पूजेला पळायचे. नोकरी गेली त्या वर्षी लॅपटॉपखाली पाट आला, रांगोळी आली. गेल्या दसऱ्याला माळ, अक्षता, ओंजळीने हळदकुंकू. मी स्वयंपाकघरातून बघितलं होतं, हे बराच वेळ हात जोडून बसले होते. काम कमी झालं तशी पूजा वाढत गेली, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जुना टूथब्रश घेतला आणि पाती घासायला लागले. हेही शेजारी बसले. तांदूळ त्यांनी बोटाने वेचले आणि तुळशीच्या कुंडीत टाकले.

आतली चिप थंड ठेवणारा, कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून आणलेला लेप लावला, झाकण बसवलं. तीन पेनड्राइव्हपैकी जो आधी हाताला लागला त्यातली सिस्टिम आत बसवून टाकली. एमएक्स निघाली. एवढ्या अभ्यासानंतर निवड झाली ती अशी. लॅपटॉप चालू केला तर पंख्याचा आवाजही येईना. तासभर गाणी लावली, चार खिडक्या उघडल्या, थिजला नाही. ड्रॉइंगचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, हिरामणच्या मशीनला चालणारी फाइल त्यातून निघते हे तपासलं, हिरामणचं चित्र मोबाइलमधून काढून समोर ठेवलं. मग ह्यांना म्हटलं, या, तुमची टूलरूम उघडली.

हे बसले. रेघ मारली, पुसली. म्हणाले, बटणं वेगळी आहेत. मी बटणं त्यांच्या सवयीची करून दिली. म्हणाले, मागचा रंग काळा हवा. काळा केला. म्हणाले, माउस हलका चालतो. तोही जड केला. सोमवारी खुर्ची ठेंगणी निघाली, मंगळवारी खिडकीचा उजेड पडद्यावर यायला लागला. मी क्लासवरून यायचे तेव्हा लॅपटॉपवर रुमाल घातलेला असायचा आणि हे पेपर वाचत असायचे.

बुधवारी मी लवकर घरी आले. चपला काढत होते तर गॅलरीतून ह्यांचा आवाज आला. नाही रे हिरामण, अजून नाही झाला. छाया करतेय, सिस्टिम धड मिळत नाहीये. बघू, आठवडा तरी जाईल.

महिनाभराचा शीण एकदम अंगावर आला. हे फोन ठेवून आत आले, मला बघितलं आणि थबकले.

"लॅपटॉप रविवारीच झालाय," मी म्हटलं. "अक्षरं, घड्याळ, रंग, खुर्ची, उजेड. नाचता येईना अंगण वाकडं."

ही म्हण मी वर्गात पोरांना दिवसातून दोनदा ऐकवते, कुणाला काही वाटत नाही. हे मात्र हळूच खुर्चीत बसले. लॅपटॉपवरचा रुमाल नीट केला.

"आणि खरंच नाचता येत नसेल तर?" हे म्हणाले. "दोन वर्षं हात लावला नाही कशाला. हा डबा बिघडलेला आहे तोवर मी चांगला डिझायनर आहे, फक्त मशीन नाही. हा सुरू झाला आणि मला जमलं नाही, तर मी कोण?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली, ह्या माणसाने मला ताप आला तरी कधी सांगितलं नव्हतं. मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले असते, पण तेवढ्यात माझाच फोन वाजला. हिरामण होता. ह्यांच्या समोरच मी तो स्पीकरवर घेतला, कारण आता मला मध्ये उभं राहायचं नव्हतं.

"वहिनी, साहेबांना सांगू नका लगेच," हिरामण म्हणाला. "ते काम म्या परवाच दुसऱ्याला दिलं. पार्टी लय मागं लागली होती. साहेब रोज सांगत्यात का होतंय होतंय, मला नाय म्हनवत नव्हतं. तुमी लॅपटॉपच्या मागं उगा जागरण करू नका, म्हनून सांगितलं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. बघितलं, आणि जे दिसलं ते ह्यांच्या रडण्यापेक्षा मला जास्त लागलं. ह्यांचे खांदे सैल झाले होते. परीक्षा रद्द झाल्याचं कळलेल्या मुलासारखा चेहरा मोकळा झाला होता. म्हणाले, चहा टाकतेस का?

मी चहा टाकला. साखर किती घातली कुणास ठाऊक. मनात म्हटलं, संपलं आता. ह्या माणसाला काम गेल्याचं दुःख व्हायचं तिथे सुटका झाल्यासारखं वाटतंय, त्याला मी कुठली सिस्टिम घालू? चहा घेऊन बाहेर आले तर लॅपटॉपवरचा रुमाल खाली पडला होता आणि हे काहीतरी काढत होते.

मी कप ठेवला. ह्यांनी बघितलं नाही. हिरामणचंच फिक्श्चर होतं. आता ते कुणाला द्यायचं नव्हतं, कुणी तपासणार नव्हतं. रेघा भराभर उमटत होत्या. मध्येच थांबायचे, ओठ पुढे काढून बघायचे, पुन्हा हात चालायचा. अक्षरं बारीक होती का, उजेड कुठून येत होता, काही नाही. चहावर साय धरली. मी समोर पालेभाजी निवडत बसले आणि एकदाही खाकरले नाही, कारण मला भीती वाटत होती की मी इथे आहे हे कळलं तर हे थांबतील.

दिवेलागणीला ह्यांनी मान वर केली.

"छाया, इकडे ये. हात दे."

माझा हात धरून ह्यांनी हवेतच एक दांडा उघडल्यासारखा फिरवला. मग पडद्यावर दाखवलं. तुकडा आवळून धरणारा दांडा हिरामणने डाव्या बाजूला घेतला होता. बंद असताना सगळं बरोबर दिसतं. पण तो उघडताना कसा फिरतो ते ह्यांनी काढून बघितलं, तर काम करणाऱ्याची बोटं नेमकी फिरत्या ड्रिलच्या खाली येत होती. मला बाकी काही कळलं नाही, बोटांचं कळलं.

"दुसरा काढणारा हे बघेल?" मी विचारलं.

"तो हिरामणने दिलंय तसं काढेल. उघडून कोण बघतं?"

हे उठले, दोन येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले. फोन उचलला, खाली ठेवला. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. फोन केला तर काढून बघितलं हे कबूल करावं लागणार. लॅपटॉप चालतोय हे कबूल करावं लागणार. हिरामण म्हणाला असता, मग साहेब, इतके दिवस काय करत होता? मी भाजीकडे वळले. ढकलायची ताकदही उरली नव्हती माझ्यात, आणि ही ढकलायची गोष्टही नव्हती.

ह्यांनी फोन लावला.

"हिरामण, मी बोलतोय. काम दुसऱ्याला दिलंस ते ठीक केलंस. पण लोखंड कापू नकोस अजून. तुझा दांडा उघडला की मशीनवरच्या पोराची बोटं ड्रिलखाली जातायत." मग तिकडचं ऐकलं. "हो, काढून बघितलं. चालतोय लॅपटॉप. रविवारपासून चालतोय." पुन्हा थांबले. "नाही, फोनवर नाही कळणार तुला. मीच येतो शेडवर. उद्या सकाळी."

गॅलरीत गेले नाहीत, माझ्यासमोरच बोलले. आवाज भारदस्त नव्हता. फोन ठेवल्यावर म्हणाले, काम दुसऱ्याकडेच आहे, मी नुसता दाखवायला जातोय. मी म्हटलं, हो, दाखवून या. दुपार होईल कदाचित, म्हणाले. होऊ दे, म्हटलं.

मग मी स्वयंपाकघरात आले. उद्या ह्यांना डबा द्यायचा होता, आणि दोन वर्षांत तो डबा कुठल्या कपाटात गेला ते मला आठवेना. ओट्याला टेकून मी थोडा वेळ रडले, मग स्टूल ओढून वरच्या फळीवर शोधायला लागले.